मिश्रीची डबी

सकाळी मोरीत सून चूळ भरते आणि पाण्यात लाल रेघ उतरते. सातवा महिना चाललाय तिचा. गार पाणी दाताला लागलं की गाल धरून खालीच बसते. आज शेजारची गंगूबाई डबी घेऊन आली. "मिश्री लाव पोरी, हिरड्या घट्ट होत्यात. पोटुशीला एवढं सोसावंच लागतं."

माझं डोकंच फिरलं. हीच बाई हीच तंबाखू माझ्या बायकोपुढं धरायची. तिनं सोसलं. पोरगा झाला आणि तिचे दात एकेक करून हलले, पडले. पुढं जन्मभर भाकरी दुधात कुस्करून खाल्ली, हसताना तोंडाला पदर लावला. परवा तिचं वर्षश्राद्ध झालं, तर पंगतीत सगळ्या म्हणाल्या, फार सोशिक होती. सोशिक म्हणे! बाईचं दुखणं झाकायला लोकांना हा एक शब्द बरा सापडलाय.

मी डबी उचलली आणि गटारात ओतली.

"म्हाताऱ्या, येड लागलं का तुला?" गंगूबाई ओरडली.

"लागलं. तुझे चार दात राहिलेत ते सांभाळ."

सून तोंडाला पदर लावून हसायला लागली.

"पदर खाली घे आधी," मी म्हणालो, "आणि चप्पल घाल. दाताच्या डॉक्टरकडं जायचंय."