पंधरा माळांची वाट

अंगणातल्या बाजेवर पसरलेलं धोतर अर्धंच भरलं होतं. अर्ध्यावर मुगवड्यांच्या ओळी, अर्धं अजून कोरं. पलीकडे उंच पाटावर थोरली जाऊ जयवंताबाई, कारण तिचे गुडघे मुडपत नसत. अलीकडे धाकटी मनकर्णा. दोघींचीही पद्धत एकच, एका वडीला एक नाम. हातही चालतो, देवही घडतो.

तामसीच्या बाजूच्या त्या गावात कुणा बाईला कुठं जायचं झालं, की ती आधी मनकर्णेकडे यायची. नवऱ्याच्या, सुधाकररावांच्या, किराणा दुकानामागं घर; दुकानात एक घड्याळ, पण ते बाईमाणसाच्या काय कामाचं? मनकर्णेनं स्वतःचं माप काढलं होतं. वाट चालताना जप करायचा आणि किती माळा झाल्या ते घरी येऊन वहीत लिहायचं. तिच्या वहीत एकादश्यांच्या शेजारी कंडक्टरला विचारून घेतलेल्या बसच्या वेळा, आणि त्यांच्या खाली वाटा: बस थांब्यापासून देवीचं देऊळ दोन माळा, डाक्टरांचा दवाखाना एक माळ. बाया हसायच्या आणि पुन्हा तिलाच विचारायच्या. आजवर तिच्या भरवशावर कुणाची बस चुकली नव्हती.

एकोणनव्वद सालचा माघ सरत आला होता. कापूस निघून गेला होता, ज्वारीच्या कापणीला अवकाश होता. या मधल्या फटीत पाच जणींनी पैनगंगेच्या काठाकाठानं जायचं ठरवलं होतं. सकाळच्या बसनं नदीपर्यंत, तिथून पळसाच्या रानातून रमतगमत महादेवाच्या देवळापर्यंत, रात्री देवळाच्या ओसरीत मुक्काम, पहाटे स्नान. मग फाट्यावर येऊन दहाची बस. फाट्यावर दिवसातून ती एकच बस भरवशाची.

हे सगळं जयवंताबाईसाठी होतं. मागच्या वर्षी तिच्या नवऱ्यानं, उद्धवरावांनी, यशवंतरावांची जीप सांगून तिला नदी दाखवून आणली होती. पुलावर जीप थांबली, सगळ्यांनी चहा घेतला, जीप वळली. "नदी पाह्यली," ती घरी येऊन म्हणाली, "जशी खिडकीतून वरात पाहाव." पाण्यात पाय बुडवायचे राहूनच गेले. काठानं जीप जात नाही, आणि जीपवाला मुक्काम करत नाही.

उद्धवरावांनी एका अटीवर होकार दिला होता. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीच्या आत घरात. बस चुकली, तर अशा फेऱ्या कायमच्या बंद. मनकर्णेनं वही पाहून सांगितलं होतं, देवळापासून फाटा पंधरा माळा, म्हणजे पाऊण तास. तेवढं थोरलीच्या गुडघ्यांना झेपण्याजोगं होतं.

वड्या घालता घालता जयवंताबाई थांबली आणि बाजेकडे पाहून हसली. तिची एक ओळ होईपर्यंत मनकर्णेच्या दोन झाल्या होत्या.

"तुया देव धावून राह्यला वं," ती म्हणाली, "माया बसून हाय."

मनकर्णाही हसली. थोरली 'श्रीराम जय राम जय जय राम' म्हणत होती, आपण 'राम कृष्ण हरी'. मोठं नाम, एक वडी. छोटं नाम, दोन वड्या.

आणि तिचा हात पातेल्यातच राहिला.

देवळाची ती वाट तिनं गेल्या अधिक महिन्यात मोजली होती, नदीस्नानाला गेली तेव्हा. अधिकात तिचा मोठ्या नामाचा नेम होता. पंधरा माळा त्या नामाच्या होत्या. पाऊण तास मात्र तिनं आताच्या छोट्या नामावरून धरला होता. वाट दुप्पट होती. पाऊण तास नव्हे, दीड तास. आणि जयवंताबाईच्या चालीनं दोन तासांच्या वर.

तिनं हात धुतले, वही आणून पाहिली. तारीख अधिकातलीच होती.

जयवंताबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग आवाज उतरवून म्हणाली, बोलू नको, आपण लवकर निघू, त्यांना कशाला कळायला पाहिजे.

पण उद्धवराव तेवढ्यात दुकानातून अंगणात आले होते. भासऱ्यांशी, नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, मनकर्णा कधी समोरून बोलत नसे. सांगायचं ते जावेला सांगायचं, त्यांनी शेजारी बसून ऐकायचं, अशी पंधरा वर्षांची रीत. आताही ती दाराआड सरकून म्हणाली, "बाई, त्याइले सांगा, माया मोजण्यात चूक झाली."

जयवंताबाई काही सांगेना. वडीकडे पाहत बसली.

मग मनकर्णेनं पदर सारखा केला, दाराबाहेर आली आणि स्वतःच सांगितलं. कोणतं नाम, कधीची माळ, किती वेळ, सगळं. उद्धवरावांनी मान खाली घालून ऐकलं.

"मंग राहू द्या," ते म्हणाले. "यशवंतरावाले जीप सांगतो."

"जीप नोको, भाऊजी. चूक माया मोजण्याची हाय, बाईच्या पायाची नाई."

मनकर्णा थांबली नाही. देवळाखाली वाळूत डोमाजीच्या काकडीच्या वाड्या आहेत, त्याची बैलगाडी तिथंच असते, तो देवळापासून फाट्यापर्यंत सोडील. उजाडताच निघायचं, पूजा स्नानाबरोबरच उरकायची. आणि यापुढं एका नामाची वाट दुसऱ्या नामानं मोजायची नाही.

"अर्धी वाट मी पायी येईन," जयवंताबाई म्हणाली. नवऱ्याकडे न पाहता, पण ऐकू जाईल असं. "पाण्याच्या कडेची. वरच्या रस्त्याले बसीन गाडीत."

उद्धवराव बाजेवरच्या वड्या बोटानं नीट करत राहिले. खरं तर त्या नीटच होत्या.

"डोमाजीले म्हणा," शेवटी ते म्हणाले, "गाडीत कडबा जाड टाकजो. गुडघ्याले हादरे बसते."

एवढं बोलून ते दुकानात गेले. जयवंताबाईनं पातेलं आपल्याकडे ओढलं आणि म्हणाली, उरलेलं मी घालते, तू जा. बाजाराचा दिवस होता. डोमाजी काकड्या विकून उन्हं उतरायच्या आत परततो. मनकर्णेनं वहीत जुना पाऊण तास खोडला, चपला पायात घातल्या, आणि डोमाजीला गाडी सांगायला ती बाजाराकडे निघाली.