टेस्ट लॅम्प

रफिकची महत्त्वाची तपासणी मी चुकवली. दोन महिन्यांपूर्वी तो गेला. देऊळगाव राजात जो तो म्हणतो, कामापायी त्याने दुखणं अंगावर काढलं. मी ते ऐकून घेत आलो.

रफिक माझा शाळेपासूनचा मित्र, जळालेल्या पाणबुडी मोटारींचं वाइंडिंग नव्याने भरून देणारा मिस्त्री. त्याच्या यकृतातली कॅन्सरची गाठ संभाजीनगरच्या डॉक्टरांनी सुई घालून जाळली, तेव्हा सोबत मीच होतो. महिन्याने पुन्हा बोलावलं होतं. शिरेतून बारीक बुडबुड्यांचं औषध सोडून सोनोग्राफी करायची; गाठीचा जिवंत उरलेला भाग उजळतो, मेलेला काळाच राहतो. मला ते चटकन कळेना. रफिक खाटेवरून हसला. "अरे मास्तर, टेस्ट लॅम्प हाय तो! दिवा जोडून पाहिल्याबिगर वाइंडिंग जळलं का नाई, नुसत्या डोळ्यानं कुठं समजते?"

महिना भरला त्याच आठवड्यात माझ्या मुलीचं लग्न होतं. दवाखान्याचं सगळं त्याने माझ्यावर सोपवलेलं. मी त्याला गावातच साध्या सोनोग्राफीला नेलं. "गाठ वाढलेली दिसत नाही," आत डॉक्टर मला म्हणाले, "पण ती पूर्ण मेली का, ते यात कळत नाही. तिकडे दाखवाच." बाहेर बाकावर बसलेल्या रफिकला मी फक्त पहिलं वाक्य सांगितलं.

"मंग तिकडं जायाचं नाई?"

"काऊन जातो बे? लग्नाले ये."

तो आला. पंगतीत वाढायलाही उभा राहिला...

दिवाळीनंतर त्याचं पोट फुगलं. संभाजीनगरला डॉक्टरांनी उरलेली गाठ पसरल्याचं सांगून विचारलं, "महिन्याने का नाही आलात?" मी खाली पाहिलं. रफिक म्हणाला, "मोटारीचा सीझन होता, साहेब." घरीही त्याने तेच सांगितलं. माझ्याकडे एकदाही रागाने पाहिलं नाही. त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

परवा त्याच्या पत्नी शाहीनभाभी त्याचं दुकान आवरत होत्या. खिळ्याला त्याचा टेस्ट लॅम्प लटकत होता, वायरीला जागोजागी चिकटपट्टी. तो काढून त्या म्हणाल्या, "भाऊ, दुनियेच्या मोटारी तपासल्या त्याईनं या दिव्यानं. सोताले तपासाले त्याईले टाइम नाई भेटला."

दिवा मी हातात घेतला.

"भाभी, त्याला जायचं होतं. डॉक्टरांनी 'तिकडे दाखवाच' म्हटलं होतं. लग्नात अडचण नको म्हणून मी ते त्याच्यापासून लपवलं. चूक त्याची नव्हती, माझी होती. मला माफ करा."