गाडीच्या पोटाला लावलेलं तेल

थोरल्या भावावर सूड उगवायचा तर आधी त्याचीच जुनी गाडी दुरुस्त करावी लागणार, असलं नशीब माझंच. दादाने नायगावच्या टॉवरमध्ये फ्लॅट घेतला, नवी गाडी घेतली आणि जुनी फोर-बाय-फोर आमच्या अर्नाळ्याच्या अंगणात आणून लावली. "तुम्हाला राहू दे," म्हणाला. आव असा, की कर्णानंतर दानशूर हाच. खरं म्हणजे टॉवरमध्ये त्याला पार्किंगची जागा एकाच गाडीपुरती मिळाली होती.

पण त्या धुडाचा आम्हाला उपयोग निघाला. आईचं खुब्याचं हाड मोडल्यापासून तिला वाकून बसता येत नाही आणि पाय उचलून चढताही येत नाही. रिक्षात शिरायला वाकावं लागतं, छोट्या गाडीत बसली की उठता येत नाही. या गाडीला मात्र लोखंडी स्प्रिंगांच्या जागी रबराच्या पिशव्या आहेत आणि त्यांत हवा भरलेली असते. बटन दाबलं की हवा सुटते आणि गाडी खाली बसते. सीट बरोबर आईच्या कमरेशी येते. आई पाठमोरी टेकते, मी तिचे पाय उचलून आत घेते, मग परत बटन दाबून गाडी वर. आई म्हणायची, "गाडी माझ्यापेक्षा बरी. तिला निदान बसता तरी येतं."

आई धवलारीन. आमच्या कोळी लोकांत लग्नाचे धवले म्हणणारी बाई. ती गायल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. अर्ध्या अर्नाळ्याची हळद आईच्या गळ्यातून लागली आहे. आणि आता तिच्या थोरल्या नातीचं, दादाच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. आई कधीपासून घसा सांभाळून होती, थंड पाणी पीत नव्हती.

दादा पत्रिका घेऊन आला, आईच्या समोर बसला आणि तिच्याशी न बोलता मला म्हणाला, "आईला हळदीला आणू नकोस. चढउतार झेपणार नाही तिला. मोबाइलवर लाइव्ह दाखवू."

आई म्हणाली, "मंग धवले कोन म्हननार?"

तो हसला. "डीजे सांगितलाय गं. मुलाकडचे पुण्याचे, सगळे मोठ्या हुद्द्यांवरचे. त्यांना हे आपलं गावठी कळायचं नाही."

आई वॉकर ओढत आत गेली. त्या दुपारी तिने ताटाला हात लावला नाही. खुब्याचं निमित्त होतं नुसतं, त्याला आईची लाज वाटत होती. ज्या गाण्यांच्या सुपाऱ्या घेऊन तिने त्याच्या कॉलेजची फी भरली, त्याच गाण्यांची. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की त्याने ठेवलेली मिठाई मी उचलून शेजारच्या कोंबड्यांना घातली. ठरवलं, आई हळदीला जाणार आणि सगळ्यांदेखत गाणार. तेही दादा, तुझ्याच गाडीतून.

आणि दुसऱ्याच सकाळी बघते तर गाडीचा मागचा डावा कोपरा जमिनीला टेकलेला.

चालू केली तर हवा भरणारा कॉम्प्रेसर घरघरत राहिला, गाडी जेमतेम उठली आणि समोर पिवळा दिवा लागला. मी ती तशीच गोखिवऱ्याच्या गॅरेजला नेली. मेकॅनिकने खाली डोकावलं आणि म्हणाला, "ताई, हे हवेचं लफडं काढून टाका. साध्या स्प्रिंगा बसवतो, कटकट मिटली." आता स्प्रिंगा बसवल्या की गाडी कायमची वर. आईने काय शिडी लावून चढायचं? मी गाडी फिरवली आणि घरी आले.

मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते. गाडीतलं मला काही कळत नाही, पण आमच्याकडे दाढ कोरायचं मशीन हवेवर चालतं आणि त्याचा कॉम्प्रेसर थांबेनासा झाला की पाइप कुठेतरी गळतोय, एवढं माहीत आहे. तरीही आधी मी चुकीच्याच जागी शोधत बसले. फ्यूज बदलला. मग चाकाजवळ गाडीची उंची मोजणारा सेन्सर असतो, त्याची दांडी खाऱ्या वाऱ्याने गंजून अडकली होती. ती सोडवली, तर पिवळा दिवा विझला. मी एवढी खूश झाले की आईला साडी काढून ठेवायला सांगितलं. सकाळी गाडी पुन्हा बसलेली. आईने साडी मुकाट्याने पेटीत ठेवली आणि मला दादाचा दुप्पट राग आला.

मग दवाखान्यातली युक्ती. भांडी घासायचा साबण पाण्यात कालवून फवारणीच्या बाटलीत भरला. होडी किनाऱ्यावर ओढली की तिच्याखाली लावतात ते ओंडके मामाकडून आणले, जॅकने गाडी उचलून त्यांच्यावर टेकवली. हवेवर उभ्या गाडीखाली शिरू नये, ती कधी बसेल नेम नाही. गाडी उचलली तशा पिशवीच्या रबराच्या घड्या उलगडल्या. पाणी मारलं आणि डाव्या पिशवीच्या घडीतून फेस फुगत आला. उजवीलाही बारीक बुडबुडे होते. हात लावला तर बोटं काळी झाली. रबर फुगून चिकट झालेलं आणि त्यावर जाड काळ्या तेलाचा थर.

हे तेल मी ओळखते. आमच्यात पावसाआधी होडी वर ओढली की तिच्या बुडाला तेल पाजतात. बाबा पाजायचे, दादा डबा धरून उभा असायचा. मी त्याला फोन लावला.

"दादा, गाडीच्या खालून तेल मारायचास का रे?"

"मग? दर पावसाळ्याआधी. जळकं ऑइल. बाबा होडीला लावायचे तसंच. म्हणून तर गंज नाही कुठे," तो अभिमानाने म्हणाला.

लाकूड तेलाने जगतं आणि रबर तेलाने मरतं, हे त्याला कोण सांगणार? शिकून साहेब झाला, कोळीपणाची लाज वाटायला लागली, पण गाडीला मात्र होडी समजून तेल पाजत राहिला. गावठीपण आईच्या गळ्यात नव्हतं, त्याच्या डोक्यात होतं. मी तोंडावर आलेलं गिळलं. आत्ता बोलले असते तर तो सावध झाला असता.

"का गं, बिघडली का? भंगारात काढ," तो म्हणाला.

"बघते," म्हटलं.

मागच्या दोन्ही पिशव्या नव्या मागवल्या आणि त्याच मेकॅनिकपुढे नेऊन ठेवल्या. तो स्प्रिंगांचं टुमणं सोडेना. शेवटी आईचा खुबा, दादा, डीजे, सगळं सांगितलं. त्यालाही एक भाऊ असावा, कारण त्यानंतर त्याने स्प्रिंगांचं नाव काढलं नाही. रिकाम्या पिशवीवर वजन टाकलं तर ती चिमटून फाटते, म्हणून आधी हवा भरून मगच जॅक सोडला. जुनं तेल रॉकेलने पुसायला मी निघाले होते, त्याने माझा हात धरला, रॉकेलही रबर खातं म्हणाला आणि साबणाचं पाणी दिलं. गाडी रात्रभर तशीच उभी ठेवली. सकाळी चारही कोपरे सारखे होते. मी आईला म्हटलं, "काढ साडी."

हळदीच्या संध्याकाळी टॉवरच्या हॉलसमोर गाडी लावली. हॉल वर, मध्ये संगमरवरी पायऱ्या. वरून डीजेचा दणका येत होता. मी बटन दाबलं, गाडी हळूहळू बसली. आई दाराकडे तोंड करून बसली, पाय जमिनीवर. दादा पिवळ्या कुर्त्यात धावत खाली आला.

"आई? अगं, सांगायचं तरी. आता या पायऱ्या कशा चढणार तू?" त्याच्या आवाजात सुटका ऐकू आली मला. मेला खूशच झाला पायऱ्या बघून.

आई म्हणाली, "मी कशाला चढू?" आणि तिने तिथूनच धवला उचलला.

पहिल्या ओळी डीजेने खाल्ल्या. मग जिन्याशी बसलेल्या आमच्या गावच्या बायकांनी ऐकलं. एक उठली, तिच्यामागून दुसरी. बघता बघता सगळा जिना बायकांनी भरला आणि त्यांनी खालून ओळ धरली. कोणीतरी वर जाऊन डीजे बंद करायला लावला. पुण्याचे पाहुणे कठड्याशी येऊन उभे राहिले, त्यांतल्या एका आजीबाईंनी हात जोडले. आणि मग नवरीच हळदीची वाटी आणि पाट घेऊन खाली आली. गाडीच्या दाराशी मांडला आणि आजीपुढे बसली. वर हॉलमध्ये राहिला तो फुलांचा झोपाळा आणि फोटोग्राफरचे दिवे.

आईने नातीला हळद लावली. गालाला, हाताला, पायाला, धवला न तोडता. मग वहिनीला लावली, विहीणबाईंना लावली, जी बाई पुढे आली तिला लावली. सगळे बघत होते. दादाला कळलं, आता आपणही पुढे व्हायला हवं. तो गर्दीतून वाट काढत आला, हसत, आणि आईसमोर गाल पुढे करून वाकला.

आईने गाणं थांबवलं. त्याच्याकडे बघितलं. आणि हळदीचा हात आपल्या पदराला पुसला.

मला बरं वाटलं का? वाटलं. नंतर बायका म्हणाल्या, आईने एवढं करायला नको होतं, शेवटी पोटचा आहे.

"चल गं," आई मला म्हणाली. मी तिचे पाय उचलून आत घेतले, दार लावलं आणि बटन दाबलं. दादा अजून वाकलेलाच होता, गाडी त्याच्यासमोर वर आली आणि आम्ही निघालो.