कोमट न चालणारी भट्टी

काचेच्या कारखान्यात भट्ट्या बांधणारे मिस्त्री निवृत्त झाले, तेव्हा कारखान्याने त्यांना उरलेल्या सिलिका विटा देऊन टाकल्या. गल्लीत त्यांना सगळे भट्टीमामा म्हणत. विटा घरी येताच मामी म्हणाल्या, "अहो, परसात पाव भाजायला एक भट्टी बांधा. आयुष्यभर लोकांच्याच बांधल्यात."

मामांनी जीव ओतून बांधली. तापताना ही वीट फुगते, म्हणून सांध्यांत फटी सोडल्या. मग इतक्या सावकाश तापवायला घेतली की मामी रोज विचारत, "झाली का?" आणि दवाखान्यातल्या माणसाबद्दल बोलावं तसे मामा हळूच म्हणत, "अजून नाजूक आहे."

अखेर भट्टी लालभडक झाली. मामींनी पाव आत सरकवला. बघता बघता त्याचा कोळसा झाला.

"आच कमी करा की!"

"अगं, तेवढंच चालत नाही. पांढऱ्या आचेत ही वीट वर्षानुवर्षं छत तोलून धरते, वाकायचं नाव नाही. पण लाली उतरली की तडकते."

"म्हणजे तापलेली असली तर पाव जळणार, आणि निवली तर भट्टी फुटणार?"

"बरोब्बर!" मामा कौतुकाने म्हणाले.

झालं! भट्टी पेटती ठेवणं हाच घराचा उद्योग होऊन बसला. भाचीच्या लग्नाला दोघं पाळीपाळीने जाऊन आली. दारात सरपणाचा ढीग आणि टेबलावर पाव विकतचा. कुंपणावरून शेजारीण विचारी, "काय भाजताय?"

"काही नाही," मामी कपाळाला हात लावत, "सांभाळतोय."

मग मामा तापाने आडवे झाले. मामींनी मन घट्ट केलं आणि भट्टीकडे फिरकल्याच नाहीत. दुपारी परसातून आवाज येऊ लागला. टक्. टक्.

"कोण आहे गं?"

"कोणी नाही. तुमची लाडकी निवतेय."

आता भांडण होणार, म्हणून मामी पदर खोचून बसल्या. पण मामांनी नुसता त्यांचा हात धरला आणि दर आवाजासरशी दाबत राहिले. मामींना भडभडून आलं. आवाज थांबेपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत.

बरे झाल्यावर मामांनी साध्या मातीच्या विटांची भट्टी बांधली. पाव असा फुलला की शेजारीण दोन घेऊन गेली.

"कसा झालाय?" मामींनी विचारलं.

"पाव झकास आहे," मामा घास चावत म्हणाले. "पण ही भट्टी कधीही विझवा, हिला मेलीला काहीच वाटत नाही."