घरापुरतं उत्पन्न

शेलूबाजारजवळ समृद्धी महामार्गाच्या वळणावर मुंबईची ट्रॅव्हल्स थांबते. तिथे आम्ही दुपारपासून उभे होतो. आई, बाबा, धाकटा भाऊ धीरज आणि कारंज्याहून आलेला मामा. माझ्या व्हिसाच्या कागदांची फाइल मामाच्या काखेत होती. "मी हिचा जामीनदार हावो, फाइल माह्याजवळच राहीन," असं तो गमतीनं म्हणाला आणि सगळे हसले. बाबाही हसले, पण थोडे मागे सरून कडुलिंबाच्या सावलीत जाऊन उभे राहिले. गाडी आली तेव्हा सामान धीरजनं चढवलं, सूचना मामानं दिल्या, आईनं तोंडावरून हात फिरवला. बाबा सगळ्यात शेवटी पुढे आले आणि मला काहीच न बोलता ड्रायव्हरला म्हणाले, "लेकरू पयल्यांदा चाललं भाऊ, नीट उतरवजा."

रडू येऊ नये म्हणून ते लांब उभे राहिले असतील, असं मला तेव्हा वाटलं होतं. फ्रान्सला येऊन आता वर्ष होऊन गेलं, आणि कारण तेवढंच होतं असं मला वाटत नाही. म्हणून हे लिहिते आहे. गावी राहिलेल्यांना यातलं बरंच माहीत आहे. जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्यांना बहुधा आपापले कागद आठवतील.

आमच्याकडे कोणी कोणाला खरं उत्पन्न सांगत नाही. सोयाबीन किती झालं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "झालं आपलं घरापुरतं." थोडी जमीन असलेलाही तेच म्हणतो आणि गावात सगळ्यात जास्त असलेलाही. यात खोटं बोललो असं कोणाला वाटत नाही. आणि तहसीलचा उत्पन्नाचा दाखला म्हणजे आमच्या लेखी मुलांची फी माफ करणारा कागद. त्यावरचा आकडा जितका कमी, तितकं बापानं चांगलं काम केलं. माझी बारावी, कारंज्याचं बी.एस्सी., होस्टेल, सगळं त्या कमी आकड्यावर झालं. कॉलेजात गेलेली आमच्या घरातली मी पहिली. बाबा सावकाश वाचतात, पण दाखला हातात आला की तो आकडा त्यांना लगेच सापडतो.

फ्रान्समधल्या एका विद्यापीठात मातीच्या अभ्यासाला प्रवेश मिळाला, फीही बरीचशी माफ झाली. राहिला लाँग-स्टे व्हिसा. तिथे राहण्याचा माझा खर्च घरचे लोक उचलू शकतात, हे त्यासाठी दाखवायचं होतं. मी बाबांना इतकंच म्हटलं, "बाबा, उत्पन्नाचा दाखला लागते." हे वाक्य मी शाळेपासून दर उन्हाळ्यात म्हणत आले होते. या वेळी त्याच्यापुढे अजून काही सांगायला हवं, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

बाबांनी तलाठ्याकडे आणि तहसीलला खेटे घातले. एक दिवस घामाघूम होऊन आले, पाणीही न घेता दाखला माझ्यासमोर धरला. "पाह्य. मांगच्या सालापेक्षा कमी करून आणला. विदेशाचं काम हाये म्हणून मांगंच लागलो त्याच्या."

मी "बरं झालं" म्हटलं. आणि दाखला फाइलीत ठेवला.

अकोल्याच्या व्हिसा सल्लागारानं तो कागद पाहिला आणि हसला. "ताई, याच्यावर रेशन मिळेल, व्हिसा नाही." मग बाबांकडे वळून म्हणाला, "काका, तुमचे तीन वर्षांचे रिटर्न लागतील."

बाबा म्हणाले, "रिटर्नचं आतापासून कायले? शिक्षण झालं की येईन ना ते वापस."

तो गोंधळून माझ्याकडे पाहू लागला. मी हळूच सांगितलं, "बाबा, तिकिटाचं नाई, टॅक्सचं म्हणून राह्यले ते."

"शेतीले कायचा टॅक्स?"

ते बरोबरच बोलत होते. परतताना एसटीत मी त्यांना समजावलं, की या कामाला आकडा मोठा लागतो. ते ऐकून घेत राहिले. वाशीमजवळच्या मालेगावला गाडी बदलायला उतरलो तेव्हा म्हणाले, "म्हंजे मी उलटंच काम केलं काय?"

"तुमाले कसं माहीत राहीन, बाबा," मी म्हटलं. पण मला माहीत होतं, आणि सांगितलं गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं तलाठ्याकडे गेलो. खरं आहे ते लिहा, असं बाबा म्हणाले. तलाठी म्हणाला, "वाढवून द्या म्हणणारे तुमीच पयले भेटले, भाऊ. लिवतो की. पण एका घराचे दोन आकडे नाई होत. खरं लिवलं तं धीरजची फीमाफी जाईन. पॉलिटेक्निकले हाये नं पोरगं?"

खरा आकडा लिहूनही तो व्हिसाला पुरला असता की नाही, हे कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं. धीरजची फीमाफी गेली असती, हे मात्र नक्की होतं.

जेवताना मी म्हटलं, की मी नाही जात. बाबांनी भाकरी ताटात ठेवली. "तू कायले राहतं? त्याचं कापून तुले धाडत नाई, अन् तुले ठेवून त्याले शिकवत नाई."

"मंग करता काय?" आई म्हणाली.

"पाहू."

"पाहू पाहू म्हणा. इमान थांबते तुमच्यासाठी."

धीरज तेवढा हसला.

आई सकाळीच उठून कारंज्याला भावाकडे गेली. मामा तिथल्या एका शाळेत क्लार्क आहे. त्याच्याकडे पगाराची स्लिप आहे, रिटर्न आहे, ज्यावर कोणी हसणार नाही असं सगळं आहे. माझ्या खर्चाची हमी घ्यायला तो लगेच हो म्हणाला. हमीपत्रावर सह्या करायला आम्ही त्याच्या घरी गेलो तेव्हा बाबा आले नाहीत. शेतात काम आहे म्हणाले. पेरणी होऊन गेली होती, पावसाची झड लागली होती आणि शेतात पाय ठेवता येत नव्हता. पैसे पुढे दोघांनी मिळून घातले, बाबांनीच जास्त. कागदावर मात्र एकटा मामा राहिला.

मुंबईच्या व्हिसा केंद्रात काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "वडील काय करतात?" शेती, म्हटलं. "मग खर्च मामा का करतात?" मी पाठ करून ठेवलेलं उत्तर दिलं, की मामांना नोकरी आहे. त्यांनी मान हलवली आणि फाइल पुढे सरकवली. वडीलही देतात, असं मला म्हणायचं होतं. त्याला जोडायला कागद नव्हता, म्हणून नाही म्हटलं. व्हिसा आला.

लग्नानंतर काही वर्षं आई-बाबा ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जायचे. मुकादम ट्रॅक्टर घेऊन यायचा, माणसं त्यात बसायची. तुमचं उत्पन्न किती, हे त्यांना कोणी विचारलं नाही. त्यांचं जाणं आणि माझं जाणं एक नाही, हे मला कळतं. तरी इथल्या प्रेफेक्चरच्या, म्हणजे परदेशी लोकांचे कागद पाहणाऱ्या सरकारी कचेरीच्या, रांगेत उभं राहिलं की पुष्कळदा तेच आठवतं. राहण्याचं कार्ड नवं करायचं, की पुन्हा उत्पन्न दाखवा. मी संध्याकाळी विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये ट्रे धुते. त्याची पगाराची स्लिप मिळते, तिला इथे 'फिश द पे' म्हणतात. धीरजला फोटो पाठवला तर त्यानं विचारलं, "फिश विकून राह्यली काय तू तिकडं?" या वेळी मी त्याच स्लिपा जोडल्या. मामाचं पत्र लागलं नाही. आनंद व्हायला हवा होता. खोलीवर आले आणि बूट न काढताच झोपले.

मागच्या आठवड्यात बाबांचा फोन आला. एरवी फोन आईच्या हातात असतो आणि बाबा मागून "जेवली काय विचार" म्हणतात. या वेळी ते शेतातून एकटेच बोलत होते.

"कोनी नाई जवळ. आयक," ते म्हणाले. आणि सांगू लागले. सोयाबीन किती झालं, कारंज्याच्या बाजारात काय भाव लागला, मळणीवाल्यानं किती घेतलं, तुरीचा अंदाज काय, आणि सगळं जाऊन हातात किती राहतं. कुठेही 'घरापुरतं' नाही, पूर्ण आकडा. माझ्या सबंध आयुष्यात त्यांनी तो मला पहिल्यांदा सांगितला.

"धीरजले नको सांगू, गावभर करीन," ते म्हणाले. "त्या कार्डाच्या टायमाले कोनी विचारलं, बाप काय कमावते, तं तुले माहीत असावं."

बापाचं उत्पन्न इथे आता कोणी विचारत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. "हो बाबा," म्हटलं, "ध्यानात ठेवीन."

इथे लोक विचारतात, की तुझं घर कुठे आहे. मी नकाशात वाशीम दाखवते. ते मान डोलावतात, आणि मला काहीतरी सांगायचं राहून गेल्यासारखं वाटत राहतं. बाबांनी सांगितलेला तो आकडा मी कुठे लिहून ठेवला नाही. इथेही लिहीत नाही. तो आमच्या घरातला आहे.