बुधीबाईचा प्रश्न

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. दवाखान्यात वर्षभर काढा, आपोआप साठतात. केसपेपर हरवतात, किस्से हरवत नाहीत! माझ्याकडचे बरेचसे ऐंशीच्या दशकातले, बोईसरजवळच्या एका आरोग्य केंद्रातले. इंटर्नशिपसाठी आम्हा चौघांना मुंबईहून तिकडे धाडलं होतं. केंद्राचे प्रमुख, म्हणजे आमचे सर, बारा वर्षं प्रत्येक बदली नाकारून तिथेच ठाण मांडून बसलेले.

पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "इथे मी शिकवत नाही. पेशंट शिकवतात. पास-नापासही तेच करतात."

आम्ही हसलो. सर हसले नाहीत.

*

पहिला वर्ग घेतला कारखान्यातल्या एका कामगाराने. त्याला अल्सर. आम्ही पोट तपासायला शिकावं म्हणून सुट्टीच्या दिवशी येऊन टेबलावर आडवा व्हायचा. मी हात ठेवला मात्र, ताडकन उठून बसला.

"साहब, पहले हाथ गरम करो! और मुँह देखो मेरा. दर्द पेट में है, दिखता मुँह पे है!"

पुस्तकात हे सगळं होतं, मी ते पानही वाचलं होतं. तरी नापास.

*

मग कॉलेजने क्षयाच्या औषधांची पाहणी आमच्या गळ्यात मारली. दांडी गावात घरोघर विचारलं, "गोळ्या नियमित घेता का?" सगळे म्हणाले, "घेतो!" मी खूश.

सरांनी मी भरलेला फॉर्म मथुराबाईपुढे ठेवला. मथुराबाई दांडीचीच, मासळी विकणारी. नवऱ्याला क्षय झाला तेव्हा वर्षभर तिनेच त्याला गोळ्या चारल्या होत्या.

"डाक्टर, असं विचारल्यावर नाय कोन म्हनंल? गोळी खाल्ल्यावर काय तरास होतो ते विचारा. मग बगा तोंडं कशी उघडतात!"

पुन्हा फिरलो. एकीने तर तांदळाच्या डब्यातून न खाल्लेल्या गोळ्यांची पुडी काढून दिली. सरांनी अहवालावर मथुराबाईचं नाव घातलं. कॉलेजने खोडलं. सरांनी परत घातलं.

*

पण खरी धास्ती होती बुधीबाईच्या वर्गाची. ती डोंगरातल्या पाड्यावरून चालत यायची. ती स्टुलावर, पेशंटची आई बनून; आम्ही खाली सतरंजीवर, रोग ओळखायला. सर त्या वेळी कधीच थांबत नसत, औषधांच्या खोलीत निघून जात. पहिल्या वर्गात तिने सुरुवात केली,

"पोरीच्या पोटात दुखतंय, डाक्टर. सकाळपासनं."

विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायची. ताप? नाय. जुलाब? नाय. उलटी? एक झाली. आम्ही जंत म्हटलं, अपेंडिक्स म्हटलं, गॅस म्हटलं.

"मेली," बुधीबाई म्हणाली.

तिने आम्हा चौघांकडे एकेक करून पाहिलं.

"रातीला पोर कुटं झोपली, ते तुमी विचारलंच नाय. पावना आलता. बाज त्याला दिली. पोर जमिनीवर."

मण्यार साप झोपेत चावला की दुखत नाही, सुजत नाही, खूणही दिसत नाही. सकाळी पोट दुखतं, मग पापण्या मिटायला लागतात, मग श्वास थांबतो. पोर तिचीच होती, आठ वर्षांची.

"कुठल्या डॉक्टरने पाहिलं होतं तिला?" मी तावातावाने विचारलं.

"व्हता एक. तुमच्यासारकाच, नवा. जंताचं औषद दिलं." मग म्हणाली, "मी येते ती दुसऱ्या कोनाची पोर जाऊ नये म्हनून."

*

भातलावणीचे दिवस. सकाळी ही गर्दी! एक बाप सहा वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन आला, मागे तिची आई. "पोटात दुखतं."

माझं पेन कागदावर टेकलंसुद्धा होतं. जंताचं औषध! तेवढ्यात त्या कामगाराची आठवण झाली आणि मी मुलीच्या तोंडाकडे पाहिलं. पापण्या अर्ध्यावर आलेल्या.

"रात्री कुठं झोपली होती?"

"जमिनीवर."

मी सरांना हाक मारली. विषावरची इंजेक्शनं सुरू केली, तोवर श्वास मंदावला होता. सरांनी घशात नळी घातली. जीप दुरुस्तीला गेलेली. आम्ही पाळीपाळीने नळीला जोडलेला हवेचा फुगा दाबत राहिलो. तो वर्गाचा दिवस होता, बुधीबाई आली. काही न विचारता तिने माझ्या हातातून फुगा घेतला. मग आईला शिकवलं, "तू श्वास घे तवा दाब. सोड तवा सोड."

मी इतका घाबरलेलो आयुष्यात पुन्हा कधी नव्हतो. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलीने आपला आपण श्वास घेतला, आणि मी सर्वांदेखत रडलो.

*

पुढच्या आठवड्यात बुधीबाईचा वर्ग भरला. सर औषधांच्या खोलीकडे गेले, दारातून परत फिरले आणि आमच्या शेजारी सतरंजीवर येऊन बसले.

बुधीबाई त्यांच्याकडे बघत राहिली. मग पहिल्या वर्गासारखंच म्हणाली, "पोरीच्या पोटात दुखतंय, डाक्टर. सकाळपासनं."

सरांनी घसा खाकरला.

"बाई, पोर रात्री कुठं झोपली होती?"

"जमिनीवर," बुधीबाई म्हणाली. "बारा वर्सांनी विचारलंत, डाक्टर."