रोजच्या वापराची रायफल

“आत आणा ती! दोघेही आत या, आणि ती आधी आत आणा!”

ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीच्या भर हमरस्त्यावर, दुपारी अडीचच्या उन्हात, लेन नावाचा सव्वाशे किलोचा बंदूकविक्रेता आपल्याच दुकानाच्या पायरीवर उभा राहून ओरडत होता. लेनचं इंग्रजी मी मराठीत आणि बरंच गाळून देतो आहे. फुटपाथवर खाणीतला एक ट्रकड्रायव्हर हातात रायफल आडवी धरून उभा होता आणि त्याच्या शेजारी आमच्या हिचा मामेभाऊ मान तिरकी करून त्याला समजावत होता, “ट्यूबलाइटमध्ये रंग कळत नाही. आता बघा, लाकडाला तांबूस झाक आहे की नाही? घरी गेल्यावर कळलं असतं, मग आम्हाला शिव्या.” तेवढ्यात पर्यटकांची एक बस आली. ती थांबली. आतल्या चाळीस म्हाताऱ्यांनी न सांगता हात वर केले. पलीकडे सँडविच खात उभा असलेला पोलीस रस्ता ओलांडून आला, तर मामेभावाने त्यालाच विचारलं, “तुम्ही सांगा, ही बरी का आतली काळी?” पोलिसाने रायफल उन्हात उलटसुलट करून पाहिली, “काळी बरी, हिच्यावर धूळ दिसेल,” म्हणाला, आणि मग आपण पोलीस असल्याचं आठवून त्याने दोघांना आत हाकललं.

मी तिथे बुटांच्या नाड्या घ्यायला गेलो होतो. नाड्या न घेता परत आलो. ओळख दाखवावी की नाही, याचा निर्णय होईना.

पण आता दाखवतो. दक्षिण गोलार्धात आजवर जेवढे म्हणून बंदुका विकणारे होऊन गेले, त्यांत आयुष्यात एकही गोळी न झाडलेला, मुंगीवर पाय पडला तर दिवसभर हळहळणारा, आणि गिऱ्हाइकाने महागाची वस्तू घेऊ नये म्हणून जिवाचं रान करणारा असा हा एकटाच. मी त्याचा दाजी. याचा मला तेव्हा ताप होता, आता अभिमान आहे.

तो आला तो काळ विद्यार्थ्यांच्या लाटेचा. पुण्यात वडापावच्या गाड्यांपेक्षा ऑस्ट्रेलियाला पाठवणाऱ्या एजंटांची ऑफिसं जास्त झाली होती. पर्थमध्ये भांडी घासायच्या एका जागेसाठी इतके इंजिनिअर रांगेत उभे असत, की रांगेतच दोन कंपन्या काढता आल्या असत्या. याला तिथे सात जणांच्या फ्लॅटमध्ये जागा मिळाली होती ती इस्त्रीच्या टेबलाखाली, आणि कोणाला सकाळी इंटरव्ह्यू असला की तिथूनही उठावं लागे. शेवटी ही म्हणाली, “ताईचं घर असताना इस्त्रीखाली कशाला झोपतो?” मी कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणीत इंजिनिअर होतोच, खाणकाम शिकवणारं कॉलेजही गावातच होतं. तो बदली घेऊन आला. सहाशे किलोमीटर आला आणि आल्याआल्या आमच्या बाथरूममधली बादली उचलून म्हणाला, “दाजी, ही केवढ्याला घेतलीत? फसलात.”

हे रक्तातलं होतं. हिचे मामा पुण्यात साड्यांच्या दुकानात चौतीस वर्षं गादीवर बसून साड्या दाखवत आले. हा शाळेतून सुटला की त्याच गादीच्या कडेला बसून गृहपाठ करायचा. त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू दुसरी वस्तू शेजारी ठेवल्याशिवाय बघायची नाही, हा त्याचा धर्म. सुपरमार्केटमध्ये टोमॅटो आणायला पाठवला तर दीड तास यायचा नाही. जाऊन बघावं तर हा टॉयलेट पेपरच्या रांगेत, भोवती चार ऑस्ट्रेलियन बायका, आणि हा दोन रोल उलगडून दाखवतोय. “मऊपणा बघू नका, अंग बघा. हा पाहुण्यांसाठी. घरच्यांना हा पुरतो.” त्यांतली एक बाई पुढे आमच्याकडे फोन करून गाद्यांबद्दल विचारायची.

घरात तळहाताएवढा कोळी निघाला तर तो मारू द्यायचा नाही. वर्तमानपत्रावर घेऊन, कुंपणापर्यंत चालत जाऊन, शेजाऱ्याच्या हद्दीत सोडायचा. “त्यांची बाग मोठी आहे,” म्हणायचा.

अशा माणसाला गावात नोकरी मिळाली ती बंदुकांच्या दुकानात. दुसरी नव्हतीच. बाकी सगळीकडे गाडी चालवता यायला हवी होती, आणि याने मला शेजारी बसवून घेतलेल्या पहिल्या ड्रायव्हिंगच्या धड्यानंतर मी तो विषय घरात बंद केला होता. दुकानात बूट, तंबू, मासेमारीचे गळ आणि आतल्या काउंटरवर रायफली. रायफलीला हात लावायचा परवाना फक्त लेनकडे, याच्याकडे फक्त तोंड. पण साड्यांच्या दुकानाची व्यवस्था नेमकी हीच असते. एक जण बोलतो आणि एक जण वरून काढून देतो. आठवड्याभरात लेन हा काढून देणारा झाला. “शेठ, ती वरची काढा. नाही, तिच्या खालची. हां, आता तिच्या शेजारची.” शेठ म्हणजे काय, हे लेनने मला एकदा विचारलं. मी मालक म्हणून सांगितलं. त्याचा विश्वास बसला नाही.

काउंटरवर हिची पांढरी चादर अंथरलेली. गिऱ्हाईक आलं की आधी स्टुलावर बसवायचं, मग आल्याचा चहा. चारशे किलोमीटर धूळ खात आलेला मेंढपाळ दहा मिनिटांत गोळ्या घेऊन जायचा, तो आता पाऊण तास चहा पीत सोळा रायफली बघायचा. “घेऊ नका, नुसतं बघा. बघायला काय जातंय?” हे वाक्य त्याने इंग्रजीत जसंच्या तसं नेलं होतं, आणि ते ऐकलं की लेन डोळे मिटून घ्यायचा. एकदा एका दाढीवाल्याला त्याने रायफल खांद्यावर टाकून आरशासमोर उभं केलं आणि दोन पावलं मागे जाऊन म्हणाला, “छान. पण तुमची उंची बघता नळी जरा आखूड हवी.” दाढीवाला लाजला.

पण गंमत बाजूला ठेवली तर हा बोलायचा ते बरोबर असायचं. कॅटलॉग त्याने पाठ केले होते. येणाऱ्या प्रत्येकाला चार प्रश्न ठरलेले. काय मारता, किती अंतरावरून, रायफल राहते कुठे, आणि पुसतं कोण? मग तो दोन रायफली शेजारी ठेवायला लावायचा. एक काळ्या प्लास्टिकच्या दस्त्याची, स्वस्त. दुसरी अक्रोडाच्या लाकडाची, नक्षीची, तिच्या निम्म्या किमतीत आमची पहिली गाडी आली होती. “हिचा खटका लोण्यासारखा सरकतो, मान्य. वजन हातात बसतं, मान्य. पण शंभर पावलांवरच्या सशाला यातला फरक कळत नाही. ही रोजच्या वापराची. टाका, आपटा, पाण्यात भिजवा. ती कार्याची. तिला जपायला घरात एक माणूस लागतो.” आणि मग आवाज खाली आणून, “उरलेल्या पैशाची चांगली दुर्बीण बसवा वर. साडी साधी चालेल, ब्लाउज नीट शिवलेला पाहिजे.” शेवटचं वाक्य कोणालाच समजायचं नाही, पण दुर्बीण सगळे घ्यायचे.

एका गिऱ्हाइकाने कौतुकाने त्याला नेमबाजीच्या मैदानावर नेलं. हा कानांत बोळे घालून, डोळे घट्ट मिटून, पाठ करून बसला आणि संध्याकाळी घरी येऊन कोणत्या रायफलीचा नेम किती बोटं डावीकडे जातो, यावर आम्हाला जेवण संपेपर्यंत सांगत राहिला.

लेनची अडचण मात्र खरी होती. काचेच्या कपाटात ती अक्रोडाची रायफल तीन वर्षं पडून होती, आणि जो येईल त्याला हा ती उतरवून दाखवायचा आणि परत ठेवायला लावायचा. शेवटी लेनने याला समोर उभं केलं. “मेट, महिनाअखेरपर्यंत ती विक. विकलीस तर नोकरी पक्की. नाहीतर तुझ्या जागी माझा पुतण्या येतोय.” घरी आल्यावर हा पहिल्यांदा गप्प जेवला. नोकरी गेली तर परत पर्थ, परत इस्त्रीचं टेबल, हे त्याने बोलून दाखवलं नाही. एवढंच म्हणाला, “इथे लोक ऐकून घेतात, ताई.”

दुसऱ्या दिवसापासून ही त्याला डब्याबरोबर धडे देऊ लागली. “आज कोणी आलं ना, तर तू तोंड उघडायचं नाहीस. चहा दे आणि गप्प बस. जमेल?” तो म्हणायचा, “जमेल.” न जमल्याचं तोंड घेऊन संध्याकाळी यायचा.

महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी एक बाई आल्या. मी तेव्हा तिथेच होतो. याला धीर द्यायला म्हणून गेलो होतो, नाड्याही राहिल्याच होत्या. साठीच्या बाई, हाताची बोटं दोरखंडासारखी, दोनशे किलोमीटर आत त्यांचं शेळ्या-मेंढ्यांचं रान. रानकुत्री रोज एक शेळी नेत होती. बाई आत आल्या, स्टूल नाकारलं, चहा नाकारला, काचेकडे बोट केलं आणि म्हणाल्या, “ती द्या.”

लेनने किल्ली अशी काढली, की मला तिच्यात देवळातल्या घंटेचा आवाज ऐकू आला. मी मामेभावाकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. त्यानेही ठेवलं. रायफल चादरीवर आली. लेन पावतीपुस्तक शोधू लागला. मामेभाऊ लाल झाला, मग जांभळा झाला. गिऱ्हाईक दुसरी वस्तू न बघता पहिलीच घेऊन जाणार, हे त्याच्या घराण्यात घडलेलं नव्हतं.

“ठेवणार कुठे?” शेवटी तो म्हणाला.

“पिकअपमध्ये. सीटच्या मागे.”

“आणखी काय असतं तिथे?”

“काटेरी तार, जॅक, दोन कुत्री.”

याने डोळे मिटले. जरीच्या पदरावर दोन कुत्री बसलेली त्याला दिसली असावीत. “शेठ, ती काळी काढा.”

“ती काळी नाही काढायची,” लेन म्हणाला.

“बघू तर द्या. बघायला काय जातंय?”

“माझं जातंय,” लेन म्हणाला. पण हात सवयीने वर गेला होता. काळी खाली आली.

बाईंनी काळीकडे पाहिलंच नाही. त्या अक्रोडाच्या दस्त्यावर अंगठा फिरवत होत्या. म्हणाल्या, “गावात आलो की माझा नवरा ही बघायला यायचा. मी बाहेर गाडीत बसायचे, चिडायचे. मागच्या हिवाळ्यात गेला तो.”

लेनने पावतीपुस्तक हळूच खाली ठेवलं. मग हा, ज्याला गप्प बसायला सांगितलं होतं तो, म्हणाला, “म्हणजे ही त्यांच्यासाठी हवीय. कुत्र्यांसाठी नाही.”

“असेल तसं.”

“मग ती इथेच राहू द्या. तिकडे नेलीत तर महिन्यात चरे पडतील, आणि प्रत्येक चऱ्याला तुम्हाला वाईट वाटेल. ही काळी न्या, वर दुर्बीण बसवून देतो, शेळ्या वाचतील. आणि गावात आलात की आत या. त्यांच्यासारख्या बघा. बघायचे आम्ही पैसे घेत नाही.”

बाईंनी दस्त्यावरचा अंगठा उचलला. मग स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, “चहा आहे का अजून?”

काळी रायफल आणि दुर्बीण घेऊन त्या गेल्या. लेन काही ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने चादर नीट घडी करून मामेभावाच्या हातात दिली.

दाजी म्हणून रदबदली करायला मी शनिवारी गेलो. आपल्याकडे अशा वेळी वडीलधाऱ्याने जायचं असतं. मी चाळीस मिनिटं बोललो. लेनने ऐकून घेतलं, मला नाड्या दिल्या आणि सांगितलं की पुतण्या सोमवारी येतोय.

पर्थच्या ट्रेनला त्याला सोडायला आम्ही दोघं गेलो. स्टेशनवरसुद्धा एका म्हाताऱ्याला तो चाकांची बॅग आणि बिनचाकांची बॅग यांतला फरक सांगत होता. दोघे डब्यात चढून गाडी हलली तरी खिडकीतून म्हाताऱ्याचं तोंड मदतीसाठी आमच्याकडे आणि याचा हात बॅगेवर. दुसऱ्या दिवशी हिने बाथरूममधली ती बादली बदलून आणली.

आता तो सिडनीला टूनगॅबीत असतो, बँकेच्या कॉम्प्युटरवर काम करतो, बायको आहे, मुलगी आहे, आणि सगळी खरेदी घरबसल्या फोनवर होते. परवा बोलताना म्हणाला, “दाजी, सगळं दारात येतं, पण कोणी दाखवत नाही.” मी काहीतरी विनोद केला. तो हसला, पण उशिरा.

आम्ही कालगुर्ली सोडली ती तो गेल्यानंतर दोन वर्षांनी. सामान ट्रकमध्ये चढल्यावर मी लेनचा निरोप घ्यायला गेलो. पुतण्या कुठे दिसला नाही. काचेच्या कपाटात ती अक्रोडाची रायफल होती तिथेच होती, स्वच्छ पुसलेली. कपाटासमोर एक स्टूल होतं. मी विचारलं, “अजून गिऱ्हाईक नाही मिळालं हिला?”

“मिळाली दोन-तीन,” लेन म्हणाला. “पण विकू कशी? ती शेळ्यांवाली बाई बघायला येते.”